फणस वाऱ्यानं हलत नाही

आमच्या नृत्य-ध्यानाच्या वर्गात बोलायला बंदी आहे. त्यामुळे सगळे किस्से पायऱ्यांवर चपला घालताना बाहेर पडतात, आणि चपला घालायला आम्हाला अर्धा तास लागतो!

शाळेतून रिटायर झाल्यावर मी निव्वळ कुतूहलापोटी गेले. नाचताना ध्यान कसं लागतं बुवा? शेजारणीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग गॅदरिंग कधी हाय?"

* * *

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा. आता पूर्ण मौन." बासरी लागली आणि बँकेतून निवृत्त झालेल्या पाटील साहेबांचा फोन वाजला. साहेबांनी तो उचललाच!

"मी मौनात हाय! व्हय, मौनात! न्हाय ओ, बोलता येत न्हाय!"

खालच्या किराणा दुकानदारानंही ते ऐकलं. आता साहेब दिसले की तो विचारतो, "सुटलं का मौन?"

* * *

एकदा मॅडम म्हणाल्या, "झाड व्हा. वारा आला की हळूच डोला." सगळे डोलायला लागलो. मूळच्या नेसरीच्या आक्काताई मात्र ढिम्म उभ्या. मॅडम जवळ जाऊन कुजबुजल्या, "आक्का, डोला ना."

"मी फणस हाय. आमच्या दारातला फणस वाऱ्यानं हालत न्हाय."

"मग एखादी फांदी तरी?"

"फणस लागल्यात की!"

मॅडम पुढच्या झाडाकडे वळल्या. पण खरं सांगते, त्या दिवशी ध्यान लागलं ते फक्त आक्कांनाच. मला चक्क हेवा वाटला.

* * *

दत्तूमामांचं कोडं मात्र मला बरेच दिवस सुटेना. मामा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत होते. आता उजवा हात थरथरतो, म्हणून डॉक्टरांनी इकडं पाठवलं. मामी सोबत येतात आणि बाकावर बसून राहतात. वर्गानंतर चहा असतो, पण मामा म्हणतात, "सोडलाय." कप वाजला की लोक बघतात, त्याची त्यांना लाज वाटते, हे मामींनीच मला सांगितलं होतं.

पण वर्गातल्या संथ चालण्याच्या ध्यानात मामांचा हात धरणारं कुणी नाही! न राहवून मी विचारलं, "मामा, चालताना मनात काय असतं?"

"लेडल."

"म्हणजे?"

"वितळलेल्या लोखंडाच्या रसाचं भांडं ओ. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. पाऊल जुळाय पायजे, हिसका बसला की सांडलंच. आन् थांबायचंबी न्हाय. रस गार व्हतोय."

* * *

गेल्या शनिवारी पाटील साहेबांना नात झाली म्हणून चहाबरोबर पेढे होते. आनंदाच्या भरात साहेबांनी भरलेली कपबशी मामांच्या हातात दिलीच. कप वाजू लागला. आम्ही सगळे एकदम पेढ्यांकडे बघायला लागलो. मामांचा चेहरा उतरला. बशी खाली ठेवायला ते वाकले.

मामी बाकावरून उठल्या. मामांच्या समोर आल्या आणि बशीची दुसरी कड धरली.

"चला की," म्हणाल्या, "रस गार व्हतोय!"