ओवीला पुन्हा बिघडवणारी वृंदा

वृंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई गेली," एवढंच तिचा भाऊ फोनवर म्हणाला. दुपारपर्यंत शाळेच्या ग्रुपवर 'मायेचा झरा आटला', 'मुलांची माउली हरपली' असे मेसेज येऊन पडले. महिना झाला, तरी त्या मेसेजांवरचा माझा राग जात नाही. वृंदा माउली नव्हती. हट्टी, तिरसट आणि बहुतेक वेळा बरोबर असलेली बाई होती. आठवायचीच असेल तर तशीच आठवा.

भांडुपच्या आमच्या विशेष मुलांच्या शाळेत ती मानसशास्त्रज्ञ, मी वर्गशिक्षिका. ओवी माझ्या वर्गात होती, सात वर्षांची, फारसं न बोलणारी. चावायची, मारायची, शेजारच्याचे केस ओढायची. मुख्याध्यापिका तिचं नाव पटावरून काढायला निघाल्या, तर वृंदा म्हणाली, "आधी मला बघू द्या." जपाचं काउंटर बोटात घालून ती मागे बसली आणि ओवीचा प्रत्येक फटका मोजू लागली. काही दिवसांनी मला म्हणाली, "रागाने नाही गं मारत ती. तिने मारलं की तू पुस्तक मिटतेस. तिला तेवढंच हवंय." मग तिने ओवीला टेबल थोपटायला शिकवलं. थोपटलं की लगेच पुस्तकातून थोडी सुट्टी. मारलं तर शेजारच्याला सांभाळायचं, पण पुस्तक उघडंच ठेवायचं. हळूहळू मारणं जवळजवळ थांबलं. मला तर सुटल्यासारखं झालं...

पण त्याच सुमारास ओवीला डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. "गोळी लागू पडली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "डोस वाढवून घ्या, उरलंसुरलंही जाईल."

"गोळी आहे तशीच राहू दे," वृंदा म्हणाली. "थोडे दिवस थोपटणं बंद. आपण पहिल्यासारखं वागू, मारलं की पुस्तक मिटू. गुण गोळीचा असेल तर पोरगी शांतच राहील."

मी भडकले. "मुलीवर प्रयोग करतेस?"

"प्रयोग रोजच करतो आपण, यार. फक्त निकाल बघत नाही."

ओवीची आई कळवळून म्हणाली, "पोरगी आत्ता कुठे शांत झाली, बाई. परत कित्याक बिघडवतास?" वृंदाने गोड काही सांगितलं नाही. "पुन्हा मारेल असं मला वाटतं. पण हे केलं नाही, तर डोस वाढेल, उद्या ती झोपाळून कोपऱ्यात बसेल आणि सगळे म्हणतील, सुधारली. तुम्ही नाही म्हणालात तर करणार नाही." आईने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

ओवी पुन्हा मारू लागली. वृंदाने बाकीची मुलं लांब बसवली आणि ओवीच्या शेजारी स्वतः बसली. तिच्या हातावर दातांचे वळ उठले. ते झाकायचं सोडून ती अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून स्टाफरूममध्ये आली आणि मुख्याध्यापिकांसमोर चहा प्यायली. मग थोपटणं परत सुरू केलं आणि ओवी परत निवळली, त्याच गोळीवर. डोस वाढला नाही, पुढे डॉक्टरांनी तो कमीच केला. ओवीचं नाव पटावर राहिलं.

ते दिवस मला आजही पूर्ण पटलेले नाहीत. वृंदाच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हा तिला तसं म्हणालेही. ती उशीला टेकून हसली. "नको पटू देऊस. पण डोस वाढवा म्हणणाऱ्यांना दुसऱ्या कशाने गप्प बसवलं असतंस?"

शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी चिडलेल्या मुलांना तिथे कोंडायचे. वृंदाने आल्या आल्या तिची कडी स्वतः स्क्रू काढून उपटली आणि आत गादी टाकली. मुलं आता तिथे आपणहून जातात, आपणहून बाहेर येतात. गेल्या आठवड्यात सुतार नवी कडी घेऊन आला. वरून सांगितलंय म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि कडीसकट परत पाठवला. वरून विचारणा होईल. होऊ दे.