डाव्या कुशीचं पाणी

धक्क्यावर त्यांना सगळे कोरडे मिस्त्री म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या होडीचा तळ कोरडा राहतो म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे पुढे टपालसुद्धा त्याच नावानं येऊ लागलं. चाळीस वर्षं त्यांनी लाकडी होड्या दुरुस्त केल्या, पण स्वतः कधी समुद्रात गेले नाहीत. होडी डोलायला लागली की त्यांच्या पोटात ढवळायचं. "होडीनं माझ्याकडे यायचं, मी होडीकडे जात नाही," असं ते ऐटीत सांगत.

त्या आठवड्यात ती ऐट पार उतरली होती. लेकीला आणि जावयाला पलीकडच्या बेटावरच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. जायला दोघांनी एक जुनी शिडाची होडी घेतली होती. एकोणीस वर्षांपूर्वी, आधीच्या मालकासाठी, मिस्त्रींनीच तिची डागडुजी केली होती. "डोळे झाकून घ्या, माझा हात लागलाय तिला," असं म्हणाले होते तेही मिस्त्रीच. आणि आता प्रत्येक फेरीनंतर तळात दोन बादल्या पाणी निघत होतं.

तीन दिवस त्यांनी होडी पिंजून काढली. सुकाणूचा दांडा जिथून खाली जातो ती जागा, तळाचे बोल्ट, फळ्यांच्या सांध्यांतला काथ्या, सगळं तपासलं. धक्क्याला बांधलेली होडी मात्र ठणठणीत कोरडी राही.

"बाबा, पंप आहे ना. उपसत उपसत जाऊ," लेक म्हणाली. उद्या पहाटे तिला निघायचं होतं. वारा सोयीचा होता आणि वाट दोन दिवसांची.

"पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय तू दोर सोडायचा नाहीस."

"मग शोधा. आज संध्याकाळपर्यंत."

मिस्त्रींनी हातातला काथ्या खाली ठेवला. मग म्हणाले, "धक्क्यावर ती काही बोलत नाही. समुद्रात नेऊन विचारावं लागेल."

जावयानं डोळे विस्फारले. "मामा, तुम्ही येणार? मग बादली एक जास्तीची घेतो. पाण्यासाठी नाही हो, तुमच्यासाठी."

"घ्या, जावईबापू, घ्या. तुमचीही सोय होईल."

दुपारी निघण्याआधी त्यांनी तळावरच्या फळ्या उचलल्या, फडक्यानं तळ टिपून कोरडा केला. होडीच्या बरगड्यांमध्ये चिंध्यांच्या गुंडाळ्या दाबून तळाचे सहा खण पाडले आणि जुन्या मोज्यात भरलेली खडूची भुकटी प्रत्येक खणात धुरळली. ज्या खणात भुकटी आधी भिजेल, त्याच्याच वरच्या अंगाला भोक, असा त्यांचा हिशेब होता.

खाडी ओलांडली आणि होडी उजवीकडे कलली. मिस्त्री आत पालथे पडून बॅटरीच्या उजेडात भुकटीकडे बघत राहिले. कपाळावर घाम, तोंडात मळमळीची लाळ. वीस मिनिटं गेली. सहाही खण पांढरेशुभ्र.

"वळवतेय!" वरून लेकीचा आवाज आला. शीड फडफडलं, भांडी खडखडली आणि होडी डाव्या कुशीवर पडली. डाव्या अंगाच्या ज्या फळ्या एरवी पाण्याच्या वीतभर वर असतात, त्या आता पाण्याखाली होत्या.

पाच मिनिटांत चौथ्या खणातली भुकटी राखाडी झाली. वरून, कपाटाच्या मागून, पाण्याची बारीक धार उतरत होती. हे कपाट त्यांनी स्वतः बसवलेलं. त्यांनी भराभरा स्क्रू काढून कपाटाची पाठ ओढली.

मागे लाकडाचं एक बूच होतं, अंगठ्याएवढं जाड. त्यावर करवतीच्या तीन खाचा होत्या.

मिस्त्रींनी बॅटरी जवळ नेली. तीन खाचा ही त्यांचीच खूण. तात्पुरत्या बुचावर ते तीन खाचा पाडत आणि बाहेरच्या अंगाला बूच दोन बोटं पुढे आलेलं ठेवत, म्हणजे रोज डोळ्यात खुपावं, विसरायला होऊ नये. कपाटाच्या जागी आधी बेसिन होतं, त्याचं पाणी बाहेर जायचं भोक ते. रंगाऱ्याला बूच आड आलं असणार, त्यानं कापून सपाट केलं आणि वरून रंग मारला. बाहेरून दिसेना, म्हणून मिस्त्रींनी भोक कायमचं बुजवून झालं असं धरलं आणि आतून कपाट ठोकलं.

त्यांनी बोट लावलं मात्र, कुजलेलं बूच ओल्या भाकरीसारखं चुरलं. पाणी थेट छातीवर आलं.

"वळव!" ते ओरडले. "दुसऱ्या कुशीवर घे!"

"आत्ता नाही, बाबा! या बाजूला खडक आहेत! ते मागे पडू देत!"

मिस्त्रींनी चिंधीचा बोळा भोकात कोंबला. तो परत आला. मग तळवाच दाबून धरला. बोटांच्या फटींतून पाणी उडत होतं, तळातल्या गुंडाळ्या तरंगायला लागल्या होत्या. जावई पंपाला भिडला होता. हे उद्या झालं असतं, किनारा दिसत नसताना, आणि कपाट बंद असताना? तो विचार मनात आला तसा त्यांनी हात आणखी दाबला. पोट ढवळायचं ते विसरूनच गेलं.

"आता!" लेक ओरडली. होडी थरथरली, सरळ झाली, उजवीकडे कलली. तळव्याखालचा जोर एकदम सरला. त्यांनी हात काढला. भोकातून रुपयाएवढं आभाळ दिसलं.

जावई धापा टाकत आत डोकावला. "कुठल्या गाढवानं ठोकलं होतं हे?"

मिस्त्रींनी खाचांचा तुकडा त्याच्यापुढे धरला. "याच गाढवानं. ही माझी खूण."

जावई पुन्हा पंपाकडे वळला. सुकाणूवरून लेकीनं सगळं ऐकलं होतं. तिनं होडी धक्क्याकडे घेतली. धक्क्याला लागल्यावर, दोर बांधता बांधता तिनं विचारलं, "नीट करायला किती वेळ?"

"नवं लाकूड बसवायचं, कडेनं एपॉक्सीचं लुकण भरायचं. सुकायला दीड दिवस."

"म्हणजे शनिवारी संध्याकाळी. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन करते, सोमवारऐवजी मंगळवारी हजर होऊ म्हणून." मग जरा थांबून, "निघण्याआधी पुन्हा डाव्या कुशीवर नेऊन बघायची. तुम्ही आत."

"मी आत," मिस्त्री म्हणाले. "आणि कपाटाची पाठ लावू नका. ती जागा रोज डोळ्यासमोर असू दे."