परागकणांचा विटकरी रंग

तुरीला फूल धरलं की मधमाश्यांच्या पेट्यांना जाळी लावायचं काम माझं. बाभुळगावजवळच्या आमच्या शेतात बांधाच्या कडेनं पेट्या मांडल्या आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पेट्यांचा नाद लग्नानंतर लागला आणि सुटला नाही. जाळीच्या बारीक भोकातून माशी अंग चोरून आत शिरते, तेव्हा मागच्या पायांना चिकटवून आणलेल्या परागाच्या गोळ्या खालच्या तबकात गळून पडतात. जाळी सकाळी लावायची, दुपारी काढायची. सगळा पराग आपणच घेतला तर त्यांच्या पिल्लांनी खायचं काय?

हा पराग मी वाळवून विकते आणि त्यात काय आहे ते छातीठोकपणे सांगते. प्रथिनं, साखर, थोडे स्निग्ध पदार्थ, ब गटातली जीवनसत्त्वं, लोह, जस्त, आणि फुलांना रंग देणारी काही उपयोगी द्रव्यं. फूल बदललं की प्रमाण बदलतं. कणाचं कवच इतकं चिवट असतं की आपल्या पोटाला ते पुरतं फुटत नाही, म्हणून पराग दह्यात भिजवून खायचा. चांगलं अन्न आहे. औषध म्हणून मात्र मी तो कधीच विकला नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ नेरहून सकाळच्या बसनं आला. तिकडे त्याची कापूस-तुरीची शेती आहे. घरात पाय ठेवताच तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि लगेच त्यानं दुसरा तांब्या मागितला. गालफडं बसली होती.

"बाई, तुह्या परागाचा मोठा डबा दे मले," तो म्हणाला. "अन् एक तुह्या वहिनीसाठी."

"मागच्या डब्याचं काय केलं?"

"संपला. वाटीभर खातो ना रोज, दुधात टाकून."

वाटीभर! मी त्याला अर्धा चमचा सांगितला होता. दुसरा तांब्याही रिकामा झाला तेव्हा मला शंका आली. त्याला मधुमेह आहे, गोळ्या रोजच्या.

"भाऊ, साखरेच्या गोया घेऊन राह्यला ना तू?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मग म्हणाला, "दसऱ्यापासून बंद केल्या. मोबाइलवर एक जण सांगे, पराग खाल्ला का गोयाची गरजच नाई. कायले उगाच पोटात इंग्रजी दवाई भरा?"

मला राग आला, पण भावावर आवाज चढवला की तो हट्टाला पेटतो, हे मी लहानपणापासून जाणते. म्हटलं, "चाल माह्यासंग कॉलेजात. तुले दाखवतो काय खाऊन राह्यला ते."

प्रयोगशाळा रिकामीच होती. मी कोमट पाण्यात पराग घोटला, फडक्यातून गाळला आणि दोन परीक्षानळ्यांत ओतला. पहिलीत मोरचुदाचं आणि कॉस्टिकचं पाणी टाकलं. द्रावण हळूहळू जांभळं झालं.

"हे प्रथिन," मी म्हणाले. "तुरीच्या दायीत असते तसं."

भाऊ खूश झाला. "पाह्य! ताकद हाय म्हणतो ना मी!"

दुसऱ्या नळीत साखर ओळखायचं निळं द्रावण घातलं आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि पाहता पाहता तळाशी विटकरी गाळ बसला. भाऊ वाकून पाहत होता.

"हे काय वं?"

"साखर."

"पण फुलाची हाय नं, पेढ्याची थोडीच!"

"रक्तात गेल्यावर तिले कोणी विचारत नाई, बाई तू फुलातून आली का पेढ्यातून."

 चमचाभर परागातली साखर काही जीव घेणार नव्हती. वाटीभराची गोष्ट वेगळी, आणि खरा धोका तर बंद केलेल्या गोळ्यांचा होता. तेही मी त्याला तिथंच स्पष्ट सांगितलं. "पराग खा नाईतर नको खाऊ, भाऊ. पण गोयाच्या जागी तो बसत नाई. तसा बसता तर मीच पह्यली सांगतो ना तुले, माह्या घरचा माल हाय."

हे त्याला पटलं. बहीण स्वतःचा माल विकायला नाही म्हणते, म्हणजे काहीतरी असेल, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आकडा मोठ्यानं न वाचता कागद त्याच्यापुढे सरकवला. तो पाहून भाऊ खुर्चीत मागं टेकला. "अजून थोडं अंगावर काढलं असतं तर भरती करावं लागलं असतं," डॉक्टर एवढंच म्हणाले. गोळ्या त्याच दुपारी पुन्हा सुरू झाल्या.

वहिनीसाठी डबा मी दिलाच नाही. मोहरी फुलली की तिला शिंका लागतात, दम लागतो. अशा माणसाला पराग घातक ठरू शकतो. नव्या गिऱ्हाइकालाही मी आधी एकच कण जिभेवर ठेवून थांबायला लावते. ओठ, घसा खाजला तर डबा परत.

होळीपर्यंत भावाची साखर आवाक्यात आली. डॉक्टरांना विचारून आता तो अर्धा चमचा पराग दह्यातून खातो. आणि यंदा तुरीला फूल येताच त्यानं माझ्याकडून दोन पेट्या नेल्या. माश्या फिरल्या की शेंगा चांगल्या धरतात, हे त्यानं आमच्या शेतात पाहिलं होतं. फवारणीच्या दिवशी पेट्या झाकायच्या, शेजाऱ्यांनाही त्यांची फवारणी कधी ते आधी विचारायचं, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

पहिल्याच दिवशी त्याला भुवईवर डंख बसला. "काय लावू?" म्हणून फोन आला. नखानं काटा खरवडून काढ आणि थंड पाण्याची पट्टी ठेव, असं मी सांगितलं. फोनमधून वहिनीचं हसणं ऐकू येत होतं, आणि भाऊ तिच्यावर ओरडत होता, "हसून काय राह्यली, पाणी आन ना!"