वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

माझ्या मधल्या काकांनी उभ्या जन्मात एकही वस्तू मापाची घेतली नाही. घ्यायची ती वाढत्या अंगाची, हा त्यांचा बाणा. मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत सगळेच हे करतात. काका चपला, छत्री, डबे, कपाट सगळंच तसं घेत. मुंजीत त्यांनी दिलेला शर्ट मला कॉलेजात बरोबर बसला असता, पण तोवर त्याचं पायपुसणं झालं होतं. बुटांच्या टोकात कापूस कोंबून मी शाळेत गेलो, आणि पाय पुरते वाढले तेव्हा बुटांचे तळ गेले. मुलुंडच्या दोन खोल्यांत माणसं तीन, कुकर मात्र पंगतीचा. "यातलं वरण वाढायचं नसतं, शोधायचं असतं," असं काकू म्हणत. काका शांतपणे म्हणत, "अगं, उद्या पाहुणे आले तर?" पाहुणा म्हणून बहुधा मीच जाई, आणि मी एकटा त्या कुकरला कुठवर पुरणार!

अशा माणसावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटर घ्यायची पाळी आली, ती मुलीसाठी. वैशालीनं बी.कॉम. झाल्यावर कॉम्प्युटरचा क्लास केला आणि जवळच्या दोन हाउसिंग सोसायट्यांची महिन्याची बिलं घरून काढून द्यायचं काम मिळवलं. पहिल्या तारखेच्या आत मशीन आलं तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्याचं, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं. काकूंना हा सगळा लग्न ठरेपर्यंतचा टाइमपास वाटे. "पोरगी सासरी गेली की त्या खोक्यावर काय पापड वाळत घालायचे?" हा त्यांचा रोकडा सवाल. वैशाली उलट बोलत नसे, पण तिचा चेहरा उतरे. आपलं काम खरोखरचं आहे की नुसता वेळ घालवणं, हे तिलाच तेव्हा कळत नव्हतं.

घाटकोपरच्या दुकानात तज्ज्ञ म्हणून मला नेलं होतं. ऑफिसातला कॉम्प्युटर मी काचेआडून पाहिला होता, एवढ्या भांडवलावर. दुकानदार तरुण गुजराती, जिभेवर साखर.

"काका, बिलंच काढायची ना? दोनशे छप्पन के मेमरी, म्हणजे आतली जागा, बस झाली. चिप फास्टवाली टाकतो, शंभर नॅनोसेकंद. झकास पळेल. तेवढ्याच पैशात सहाशे चाळीस के पण बसेल, पण मग चिप स्लो, दीडशेवाली."

"दीडशे स्लो आणि शंभर फास्ट? आकडा लहान तो भारी?"

"टाइम कमी लागतो ना, काका."

"आणि हा नॅनोसेकंद केवढा?"

"एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा. त्यातला एक."

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तू माझे असले पन्नास तुकडे वाचवणार. अरे बाबा, टेलिफोनला नंबर लावून मी अजून थांबलोय. मला रे कसली घाई?"

"पण काका, वेग महत्त्वाचा," मी तज्ज्ञपणा दाखवला.

"तू गप रे. बुटात कापूस घालून चालत होतास तेव्हा कुठे गेला होता वेग?"

तेवढ्यात वैशाली हळूच म्हणाली, "बाबा, लहानच घ्या ना. दोनच तर सोसायट्या आहेत. उद्या मी इथे असेन, नसेन. उगाच तुमच्या फंडाचे पैसे अडकतील."

काकांचं हसू मावळलं. "आज दोन आहेत म्हणून दोनांपुरतं घ्यायचं? तू काय दोनांवर थांबणार आहेस? सासरी गेलीस तर मशीन बरोबर ने. ज्यांना ते चालणार नाही, त्यांच्या घरी जायचंच कशाला?" मग दुकानदाराला म्हणाले, "सहाशे चाळीस दे. स्लो चालेल."

"काका, हे लाइफमध्ये भरणार नाही, सांगून ठेवतो."

"आमचं कधी काही भरलेलंच नाही," काका म्हणाले.

वैशाली तोंड फिरवून एका बंद प्रिंटरकडे बघत राहिली.

मशीन वेळेत आलं. काकांनी शिवून आणलेलं त्याचं कव्हर टेबलाला आणि वर खुर्चीलाही पुरत होतं. मशीन इतकं सावकाश चाले की एक बटण दाबून वैशाली चहा ठेवून येई. "पळतंय की!" असं काका प्रत्येकाला सांगत. पण काम चोख होतं. दोनाच्या पाच सोसायट्या झाल्या, मग भांडुपच्या कारखान्यांचे पगार काढायचं काम आलं. लग्नाच्या गोष्टीही आल्या. मशीनसकट मुलगी म्हटल्यावर काही परत गेल्या. काकूंनी बोलणं कमी केलं आणि बिलांच्या घड्या घालायला घेतल्या.

काका आता नाहीत. मला ते आठवतात ते एका संध्याकाळचे. एका मोठ्या कारखान्याचे पगार भरताना मशीननं मेमरी संपल्याचं सांगितलं. दुकानदार येऊन बघून गेला. आणखी चिप बसणार नाही, मोठं मशीनच घ्या, म्हणाला. वैशाली रडकुंडीला आली. काकांनी ते ऐकलं, चपला घातल्या आणि पेढे घेऊन आले. ते घरोघर वाटत सुटले.

"काय, जमलं वाटतं वैशालीचं?" शेजारी विचारत.

"नाही हो! मावेनासं झालं!" काका सांगत. कोणालाच काही कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

शेवटचा पुडा घेऊन ते घाटकोपरला माझ्या दारात आले. धाप लागली होती, तरी बसले नाहीत. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तो हात धरूनच ठेवला.

"अपुरं पडलं रे," ते म्हणाले, आणि चक्क रडले. "पोरीला अपुरं पडलं."