तिन्ही पट्टे, एकच फडकं

सलूनवाल्याच्या दुकानात भिंतीला तीन चामडी पट्टे टांगलेले. पहिल्यावर हिरवा लेप, जरा खरखरीत, दुसऱ्यावर तांबडा, पिठासारखा मऊ, तिसरा कोरा. वस्तरा याच क्रमानं घासायचा आणि प्रत्येक पट्ट्याचं फडकं वेगळं ठेवायचं. "हिरव्याचा एक कण तांबड्यावर गेला, की धारेचं वाटोळं!" हे तो नाकातून, बोट नाचवत, इतक्यांदा म्हणायचा की बायको भांडी घासतानाही हुबेहूब त्याच सुरात म्हणायची.

आज त्याचे पाय जमिनीवर नव्हते. सासरे यायचे होते! या धंद्यातलं जुनं खोड. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आपला वस्तरा या जावयाला दिला, पण अट घालून: "वर्षानं येईन. दाढी करून घेईन. एक केस जरी ओढला, तर वस्तरा धाकट्या जावयाला."

त्यामुळे सकाळपासून झाडलोट चालली होती. आरसा पुसला, खुर्ची पुसली, नळ पुसला. नळाला काय कळतंय, पण पुसला.

सासरे आले, सोबत धाकटा जावईही. साडूचं हसू कानापर्यंत.

"काय साडूभाऊ, वस्तरा गुंडाळून ठेवलाय ना? म्हणजे न्यायला बरा!"

"बसा हो, बसा. आधी दाढी तर बघा!"

सासऱ्यांनी डोळे मिटले. सलूनवाल्यानं गालांवर दाट फेस चढवला, वस्तरा हिरव्यावर फिरवला, मग तांबड्यावर. तांबडा पट्टा रोज 'सुळ्ळ' बोलायचा. आज म्हणाला, 'खर्र.'

सलूनवाल्यानं खांद्यावरचं फडकं पाहिलं. हिरवं! उत्साहाच्या भरात पठ्ठ्यानं तिन्ही पट्टे एकाच फडक्यानं पुसून काढले होते.

"काय झालं?" साडूनं मान लांब केली.

"कुठं काय!"

फेस वाळत चाललेला. पट्टे तिन्ही बाद. करायचं काय? त्यानं वस्तरा नव्या कापसानं पुसला, हात साबणानं धुतले, तांबड्या लेपाची वडी उचलली आणि सरळ डाव्या तळहातावर चोळली. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचला की पाठीवरच उलटा. वर, खाली. वर, खाली. श्वास रोखून. हळूहळू तळवा बोलू लागला: सुळ्ळ. सुळ्ळ! सलूनवाल्याला नाचावंसं वाटलं, पण हातात वस्तरा होता.

तेवढ्यात साडू किंचाळला, "रक्त! मामा, रक्त!"

"गप रे," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "रक्ताला वास येतो. हा लेप आहे."

सलूनवाल्यानं पातं पुसलं, नवा फेस लावला आणि वस्तरा टेकवला. कानशिलापासून हनुवटीपर्यंत पातं असं उतरलं, जसं लोण्यातून. मग गळा. मग ओठांवरची ती अवघड खाच. सासऱ्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

शेवटी त्यांनी गालावरून उलटा हात फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"पट्टे सोडून हातावर का घासलास?"

"मामा, चूक झाली. तिन्ही पट्टे एकाच फडक्यानं पुसले."

"दाखव हात."

तळवा तांबडाभडक, पण ओरखडा एक नाही. सासऱ्यांनी तो उजेडाकडे वळवून पाहिला. मग खिशातून एक लाकडी डबी काढून त्यांनी आरशाखाली ठेवली. "वस्तरा परत न्यायला आणली होती. आता यातच ठेवत जा. उघड्यावर गंज धरतो."

सलूनवाल्यानं एकदम आरोळी ठोकली, "साडूभाऊ, बसा खुर्चीत!"

"अहो, माझी सकाळीच झालीय!"

"मग पुन्हा!" आणि साडू दारापर्यंत पोचायच्या आत त्याच्या गालावर फेस बसलासुद्धा.