आधी घरच्यांना

"आधी घरच्यांना," असं म्हणून आमचे वरचे आजोबा कुकरमधला पहिला भात एका पितळी पेल्यात काढायचे. पेला इवलासा, दोन घासांचा. तो काळ्या लाकडी देव्हाऱ्यापुढे ठेवायचा, छोटी घंटा एकदा वाजवायची, आणि मगच पाहुण्याला चहा. त्या देव्हाऱ्यात देव कमी आणि गेलेली माणसं जास्त होती. आई, वडील, धाकटा भाऊ. हे त्यांचे घरचे.

जर्मनीत एर्लांगेनला आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मूळचे ओसाकाचे. नोकरीसाठी आले आणि तीस वर्षं राहिले. मूलबाळ नाही. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आमचं बोलणं जर्मनमधून. माझं मोडकं, त्यांचं त्याहून मोडकं, त्यामुळे छान जमायचं. त्यांच्या घरातलं जर्मन बोलण्याचं खातं त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आजींकडे होतं.

मी एकदा विचारलं, "तुम्ही देव मानता?"

"नाही," ते म्हणाले. "पण ओळख ठेवतो."

ओसाकाला त्यांच्या कंपनीच्या गच्चीवर एक छोटं देऊळ होतं. कामाला लागण्यापूर्वी तिथे मान झुकवायची. लग्न देवळात, मर्तिक बुद्धाच्या भटजींकडून आणि डिसेंबरात नाताळचा केक. आमच्या गणपतीला आले तेव्हाही त्यांनी दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवल्या. बायको मला म्हणाली, "अहो, यांना आरतीला पुढे उभं करा, निदान टाळी तरी तालात पडेल."

ते रागावलेले मी एकदाच पाहिले. त्यांच्याकडे जेवताना मी जेवायच्या काड्यांनी भेंडीचा तुकडा उचलून आजींपुढे धरला. आजींनी तो आपल्या काड्यांनी घ्यायला जाताच आजोबांनी माझा हात खाली दाबला. मग स्वतःच ओशाळून समजावलं. दोघांनी काड्यांनी एकच वस्तू धरायची ती फक्त दहनानंतर. घरचे लोक राखेतून एकेक अस्थी तशी उचलतात आणि कलशात ठेवतात. पायांपासून सुरुवात, म्हणजे माणूस कलशातही उभा राहतो.

"आमच्याकडे हातानेच वेचतात," मी म्हणालो. पुण्याला मी वडिलांच्या अस्थी वेचल्या होत्या. आजोबांनी माझ्याकडे नव्याने ओळख झाल्यासारखं पाहिलं.

दोन वर्षांनी आजी गेल्या. अंत्यविधीच्या ऑफिसात बोलायला मी बरोबर गेलो. वाटेत आजोबांनी खिशातून काड्यांचे दोन जोड काढून दाखवले. प्रत्येक जोडात एक काडी बांबूची, एक साध्या लाकडाची. "एक माझा, एक तुमचा," ते म्हणाले. "मला दुसरं कोणी नाही. अस्थी मिळतील ना?"

"गेनाऊ! अगदी! मिळतील की," मी म्हणालो. कोणाला विचारून? कोणालाच नाही. दहन झालं की अस्थी मिळतातच, एवढं माझं ज्ञान.

तिथल्या बाईंनी विचारलं, "काही खास इच्छा?"

मी आजोबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्हाला दोघांनाही त्यात खास काही वाटलं नाही. "नाही," मी म्हणालो, "साधंच." आणि आजोबांनी सही केली.

दहा दिवसांनी थेट दफनभूमीत एक बंद डबा समोर आला. हाडं दळून त्यांची पूड केलेली, झाकण पक्कं, वर नंबर. इथे तशीच रीत आहे आणि डबा घरीही नेता येत नाही. बाई म्हणाल्या, "आधी बोलला असतात तर काही करता आलं असतं का ते बघितलं असतं."

आजोबांचा हात खिशातच राहिला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला वाकून म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला."

त्यानंतर देव्हाऱ्यात आजींचा फोटो आला. सकाळी घंटा पूर्वी एकदा वाजायची, ती आता दोनदा वाजू लागली. छतातून मला रोज ऐकू यायची. मी चहाला वर जायचं टाळू लागलो. नंतर ते जिन्यात भेटले की मीच घाईत असायचो. याला भित्रेपणा म्हणतात.

या मार्चमध्ये एका सकाळी घंटा वाजली नाही. दार उघडलं तेव्हा कुकरमध्ये भात तयार होता आणि पितळी पेला रिकामा होता.

या खेपेला मी सगळं आधी विचारलं. अस्थी वेचू द्या म्हणून अर्ज लिहिला, दोन ऑफिसांत खेटे घातले. तुम्ही त्यांच्या नात्यातले नाही, असं उत्तर आलं. काड्यांचे दोन्ही जोड मात्र माझ्या नावाच्या पाकिटात देव्हाऱ्यावर ठेवलेले सापडले.

दफनभूमीत मी, बायको आणि मुलगी. बंद डबा आजींच्या शेजारी खाली सोडला. इथे प्रत्येकाने मूठभर माती टाकायची असते. मी एक जोड बायकोच्या हातात दिला. आम्ही दोघांनी मिळून दोन्ही बाजूंनी मातीचं एक ढेकूळ धरलं आणि उचललं.

खड्ड्यापर्यंत जायच्या आधीच ते फुटलं.