वहिनींनी आणलेलं रंगीत कार्ट्रिज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. गोष्ट प्रिंटरच्या कार्ट्रिजची आहे. हसलात ना? हसा. घरात या विषयावर सगळेच हसतात— मीही.

मी नगरच्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरात अजून आम्ही नगरच म्हणतो. घरात माझ्या आकड्यांना फार मान. विजेचं मीटर, गाडीचा विमा, कुणाचाही मोबाईल नंबर— मला विचारायचं. दादा पाहुण्यांना सांगतो, "पंचांग चुकेल, आमचा धाकटा चुकायचा नाही." हे कौतुक मला आवडायचं. नको तिथं उपयोगी पडेल, हे मात्र माहीत नव्हतं.

दादा-वहिनी मुलगा-सुनेसह वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. वहिनी पारनेरकडच्या. लाल तिखट आणि काळा मसाला घरी करून विकतात. कुणाला किती किलो, कुणाला किती तिखट, कुणाच्या घरी लवंग चालत नाही— सगळ्या ऑर्डरी डोक्यात. पाकिटांची लेबलं छापायच्या माझ्या प्रिंटरवर. लेबलावर ही एवढी लाल मिरची!

आता त्या मिरचीचं सांगतो. आमच्या प्रिंटरला दोन कार्ट्रिज लागतात, एक काळं आणि एक रंगीत. रंगीत म्हणजे एका डबीत तीन कप्पे— निळा, गुलाबी, पिवळा. लाल मिरचीला गुलाबी आणि पिवळा लागतो. निळा तसाच पडून राहतो. पण एक कप्पा संपला की अख्खी डबी बदलायची. म्हणजे चांगली निळी शाई कचऱ्यात! दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. मला घास गोड लागेना.

सरळ बोलता आलं नसतं का? "वहिनी, मिरची जरा लहान करा" एवढंच तर म्हणायचं होतं. पण कॉलेजपासून मी त्यांच्या हातचं जेवलेला. त्यांच्याशी थेंबभर शाईवरून कसं बोलायचं? म्हणून— खोटं बोललो. रंगीत डबी आदल्याच दिवशी नवी बसवली होती, आणि मी म्हणालो, "वहिनी, रंग संपलाय."

"येवढंच व्हय? मी बाजारातच चाललेय. येताना आणते."

मला वाटलं, विसरतील. वहिनी, आणि विसरतील! तासाभरात दुकानातून फोन.

"भावजी, नंबर सांगा बरं. हितं समद्या डब्या सारख्याच दिसत्यात."

आमचा नंबर सातशे चौदा. प्रिंटरचं झाकण उघडलं की आतल्या स्टिकरवर असतो, आणि मला तर पाठच. पण सातशे चौदा घरी आलं असतं, तर वहिनींनी ते माझ्यासमोर उभं राहून बसवून घेतलं असतं, आणि प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर आधीचा रंग काठोकाठ भरलेला दिसला असता. मग? मी सातशे अठरा सांगितलं. दिसायला तशीच डबी, पण खाच वेगळी. बसणार नाही, हे मला ठाऊक होतं. बसली नाही की परत करू, विषय मिटेल— असा माझा हिशेब.

वहिनींनी उत्साहात जिन्यातच पाकीट फोडलं. परत करायची सोय गेली. मी त्यांच्याकडे पाठ करून झाकण उघडलं, डबी बसवायचं नाटक केलं. ती बसेना म्हटल्यावर त्यांनी पुन्हा चपला घातल्या.

"थांबा, त्या दुकानदाराला सरळ करून येते. बाईमाणूस बघून फसवतो व्हय?"

आणि इथं— जरा थांबतो. इथं माझी सचोटी जागी झाली! बिचाऱ्या दुकानदाराचा काय दोष? त्याच्यावर आळ यावा, हे मला पटेना. म्हणून मी म्हणालो, "त्याची चूक नाही, वहिनी. मी चौदा सांगितलं होतं. तुम्हीच त्याला अठरा म्हणाला असाल."

"मी? न्हाई वो. तुमी अठराच म्हणलात."

जिन्यातून दादाचा आवाज आला, "अगं, तो आकडा चुकेल का? तुझंच डोकं आता रिफिल करायला पाहिजे!"

सगळे हसले. मी हसलो. वहिनीही हसल्या, पण चपला काढताना त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांच्या आई शेवटी पोटच्या मुलांची नावं विसरल्या होत्या. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात भिजवलेले बदाम सुरू झाले. आणि मला हुकूम— "भावजी, रोज मला आकडे घालत जा. तुमच्यासारखा पक्का माणूस दुसरा कोण हाय?" तेव्हापासून संध्याकाळी चहाच्या आधी मी गाड्यांचे नंबर, पिनकोड, मीटरचे आकडे सांगतो आणि कप रिकामे झाले की त्या म्हणून दाखवतात. एकदाही चुकत नाहीत. मध्यंतरी एक पिनकोड मीच विसरलो, तो त्यांनी सांगितला. दादा टाळ्या वाजवत म्हणाला, "धाकट्या, तूही बदाम खा!" फार मजेत जातो तो अर्धा तास, खरंच.

एकदा मात्र कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "समदं ध्यानात राहतंय. मग ते अठराच माझ्या डोक्यात कुठून आलं असंल?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

पहिलं खोटं घाबरून बोललो, असं म्हणता येईल. पण हे? हे तर मी चहा पिता पिता, आरामात बोललो.

आता वहिनींनी स्वतः पारखून बाटल्यांचा प्रिंटर घेतलाय— जो रंग संपेल तेवढाच भरायचा. गल्लीतली मंडळी कार्ट्रिज आणायच्या आधी त्यांना विचारायला येतात. त्या बजावतात, "झाकण उघडून स्टिकर वाचा. रिकामी डबी पिशवीत घालून संगं न्या. मोठी डबी पायजे तर नंबर तोच असतो, नुसती शाई जास्त. आन् आपल्या डोक्यावर भरवसा ठेवू नका, न्हाईतर माझ्यावानी हुईल!" लोक हसतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की दिवाळीच्या ऑर्डरी या वर्षी सून घेईल. "माझ्याकडनं चुकून कुणाला भलताच मसाला गेला म्हंजी?" सून नको नको म्हणाली. मी तिथंच बसलो होतो.

आज रविवार. वर मिरच्या निवडायचं काम चाललंय, वहिनी आणि दादा दोघंही आहेत. दोघांसमोरच सांगायचं ठरवलंय, कारण दादाची थट्टाही माझ्याच खोट्यावर उभी होती. त्यानंतर काय होईल, याचा अंदाज मी बांधत नाही.

नंबर अठराच होता. तो मी सांगितला होता, जाणूनबुजून. वहिनींना तो अगदी बरोबर आठवत होता.